लांगटांग खोऱ्यातील टीहाऊस पदयात्रा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेपाळमधील लांगटांग खोऱ्यात मार्गदर्शकासह पायी जाऊ इच्छिणाऱ्या मराठी वाचकांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. या वाटेवर आपण ज्या घरांत जेवतो आणि झोपतो, ती घरे तामांग आणि लांगटांगपा (लांगटांग खोऱ्याचे मूळ रहिवासी) या बौद्ध समाजांची आहेत. म्हणून उंची, खर्च आणि सामान यांविषयीच्या प्रश्नांइतकीच जागा इथे त्या माणसांविषयीच्या प्रश्नांनाही दिली आहे.

लांगटांग कुठे आहे आणि हीच वाट का निवडावी?

लांगटांग खोरे काठमांडूच्या उत्तरेस रसुवा जिल्ह्यात, तिबेटच्या सीमेला लागून आहे. काठमांडूहून स्याब्रुबेसी या गावापर्यंत सुमारे १२० किलोमीटरचा रस्ता आहे आणि तिथून पुढे सारा प्रवास पायी होतो. हा सगळा भाग १९७६ साली स्थापन झालेल्या, १,७१० चौरस किलोमीटर क्षेत्रफळाच्या लांगटांग राष्ट्रीय उद्यानात येतो. खोऱ्याच्या उत्तरेस ७,२२७ मीटर उंचीचे लांगटांग लिरुंग हे शिखर उभे आहे आणि क्यांजिन गोम्पा या शेवटच्या वस्तीतून त्याच्या हिमनदीपर्यंत एका सकाळीत चालत जाता येते.

एव्हरेस्टच्या वाटेवर लुक्ल्याचे विमान पकडावे लागते आणि ते हवामानामुळे अनेकदा रद्द होते. इथे विमानाचा प्रश्नच येत नाही. माझ्या मते मात्र ही वाट निवडण्याचे खरे कारण वेगळे आहे. इथे गावे एकमेकांपासून फार लांब नाहीत, बहुतेक टीहाऊस स्थानिक कुटुंबेच चालवतात आणि दिवसभर चालून आलेल्या माणसाला संध्याकाळी त्या कुटुंबाच्या चुलीजवळ बसायला मिळते.

टीहाऊस म्हणजे नेमके काय? तिथे कोणत्या सोयी असतात?

टीहाऊस हे त्या गावातील एखाद्या कुटुंबाने चालवलेले, राहण्या-जेवण्याची सोय असलेले घर असते. दोन खाटांच्या लहान खोल्या, त्यांच्यामध्ये प्लायवूडच्या पातळ भिंती, गादी, उशी, जाड रजई आणि बहुतेक ठिकाणी सामाईक शौचालय अशी साधारण मांडणी असते. खोल्यांमध्ये ऊब नसते. ऊब असते ती जेवणाच्या मोठ्या खोलीत, जिथे मधोमध लोखंडी शेगडीत लाकूड किंवा वाळलेले शेण जळत असते आणि सगळे प्रवासी, मार्गदर्शक आणि घरातील माणसे तिच्याभोवती बसतात.

खोलीचे भाडे अगदी कमी असते, कारण घराचे उत्पन्न मुख्यतः जेवणावर चालते. ज्या घरी मुक्काम केला तिथेच रात्रीचे जेवण आणि सकाळची न्याहारी घेणे हा या वाटेवरचा सर्वमान्य संकेत आहे. स्वस्त खोली एकाकडे घेऊन जेवायला दुसरीकडे जाणे हे त्या कुटुंबाचे सरळ नुकसान आहे. बरोबर आणलेले चिवडा-लाडू वाटेत जरूर खावेत, पण त्यांच्यावर जेवण भागवू नये.

दिवसांचा क्रम कसा ठेवावा?

बाजारात सात-आठ दिवसांचे कार्यक्रम सर्रास मिळतात. मी काठमांडू ते काठमांडू किमान दहा दिवस ठेवण्याचा आग्रह धरतो.

पहिला दिवस काठमांडू ते स्याब्रुबेसी या मोटारप्रवासात जातो. त्रिशुली आणि धुन्चे या गावांवरून जाणाऱ्या या रस्त्याला सात ते नऊ तास लागतात. दुसऱ्या दिवशी लांगटांग नदीच्या काठाकाठाने, घनदाट जंगलातून, बांबू या थांब्यावरून चढत सुमारे २,४०० मीटर उंचीवरील लामा हॉटेल किंवा त्याच्या अलीकडील रिमचे येथे मुक्काम होतो. लामा हॉटेल हे आता एका हॉटेलाचे नव्हे, तर लहानशा वस्तीचेच नाव आहे. तिसऱ्या दिवशी बहुतेक गट थेट ३,४३० मीटरवरील लांगटांग गावात पोचतात, म्हणजे एका दिवसात हजार मीटरची उडी घेतात. मला हे मुळीच पटत नाही. सुमारे ३,००० मीटरवरील घोडातबेला किंवा त्याच्या थोड्या पुढे असलेल्या थांगश्याप येथे त्या रात्री थांबावे. इथे जंगल संपत येते, खोरे रुंद होते आणि लिरुंगच्या बाजूचे कडे समोर येतात, त्यामुळे लवकर पोचल्याचा पश्चात्ताप कोणालाही होत नाही.

चौथ्या दिवशी दुपारच्या आत लांगटांग गाव गाठता येते आणि उरलेला दिवस त्या गावासाठी मोकळा राहतो. पाचव्या दिवशी मुंडू गावातून, मंत्र कोरलेल्या शिळांच्या लांबच लांब मणिभिंतींच्या कडेने, तीन-चार तासांत सुमारे ३,८७० मीटरवरील क्यांजिन गोम्पा येथे पोचावे. सहावा दिवस क्यांजिनमध्येच हळूहळू हिंडण्यात घालवावा. गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, पाहावा, हिमनदीच्या दगडगोट्यांच्या बांधापर्यंत जावे किंवा क्यांजिन री या डोंगराच्या खालच्या टोकापर्यंत चढून परत यावे. सातव्या दिवशी ज्यांची तब्येत उत्तम आहे त्यांनी सुमारे ५,००० मीटर उंचीच्या त्सेर्को री या शिखरावर पहाटे निघून जावे आणि इतरांनी लांगसिसा खर्काच्या दिशेने, याक चरतात त्या कुरणांमधून, वाटेल तितके चालून परतावे. माझ्या मते ही दुसरी वाट पहिलीपेक्षा कमी सुंदर नाही. आठव्या आणि नवव्या दिवशी उतरून स्याब्रुबेसी आणि दहाव्या दिवशी काठमांडू असा परतीचा क्रम ठेवावा.

सह्याद्रीत नियमित चालणाऱ्याला हा मार्ग कितपत अवघड आहे?

हरिश्चंद्रगड किंवा रतनगड जो सहज करतो त्याला येथील वाट पायांखाली अवघड वाटणार नाही. दोर, कडा किंवा हाताने पकडून चढण्याच्या जागा मुख्य वाटेवर नाहीत. फरक आहे तो सलग दिवसांचा आणि उंचीचा. महाराष्ट्रातील सर्वांत उंच कळसूबाई १,६४६ मीटर आहे आणि ही पदयात्रा सुरूच होते ती सुमारे १,५०० मीटरवरून. म्हणजे आपल्या परिचयाची सगळी उंची पहिल्या दिवसाच्या पहिल्याच टप्प्यात मागे पडते. निघण्यापूर्वी दोन-तीन महिने रोज तासभर वेगाने चालणे, जिने चढणे आणि शनिवार-रविवारी लागोपाठ दोन दिवस डोंगरात जाणे एवढी तयारी पुरेशी आहे.

उंचीचा त्रास कोणाला होतो आणि तो कसा ओळखावा?

तो कोणालाही होऊ शकतो. वय, व्यायामाची सवय आणि पूर्वीचा अनुभव यांपैकी काहीही त्यापासून संरक्षणाची हमी देत नाही. उलट दमदार तरुण वेगाने चढतात आणि म्हणून अधिक वेळा आजारी पडतात, असे या वाटेवरील मार्गदर्शक नेहमी सांगतात. क्यांजिनच्या उंचीवर प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे साठ ते पासष्ट टक्के असतो आणि त्याची सवय व्हायला शरीराला काही दिवस लागतात.

डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणे, झोप न येणे आणि विलक्षण थकवा ही सुरुवातीची लक्षणे आहेत. ती दिसल्यास त्याच उंचीवर थांबावे, पाणी प्यावे आणि पूर्ण बरे वाटेपर्यंत वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागणे, सतत खोकला येणे, ओठ निळसर पडणे ही फुप्फुसांत पाणी साठू लागल्याची चिन्हे आहेत. तोल जाणे, असंबद्ध बोलणे, सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून चालता न येणे ही मेंदूला सूज येत असल्याची चिन्हे आहेत. या दोन्ही स्थितींत रात्र असो, बर्फ पडत असो वा गटाचा कार्यक्रम बिघडत असो, माणसाला ताबडतोब खाली न्यावेच लागते. सकाळपर्यंत वाट पाहणे जिवावर बेतू शकते.

३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांत एक विश्रांतीचा दिवस ठेवावा, हा सर्वमान्य नियम आहे. दिवसा अधिक उंच जाऊन रात्री खाली झोपायला येण्यास हरकत नाही. अॅसिटाझोलामाइड हे औषध पुष्कळ जण घेतात. ते घ्यायचे की नाही, किती घ्यायचे आणि सल्फा औषधांची अॅलर्जी असल्यास काय करायचे, हे घरून निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. झोपेच्या गोळ्या आणि दारू या उंचीवर टाळावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे डोके दुखत असल्यास ते मार्गदर्शकापासून लपवू नये. गटाला आपल्यामुळे थांबावे लागेल या संकोचापायी अनेक जण गप्प राहतात, आणि खरा धोका तिथूनच सुरू होतो.

मार्गदर्शक घेणे बंधनकारक आहे का? तो कसा निवडावा?

नेपाळ पर्यटन मंडळाने १ एप्रिल २०२३ पासून राष्ट्रीय उद्याने आणि संरक्षित क्षेत्रांतील पदयात्रेसाठी परदेशी प्रवाशांना परवानाधारक मार्गदर्शक घेणे आवश्यक केले आहे. हा नियम नसता तरीही लांगटांगसाठी मी मार्गदर्शक घेण्याचाच सल्ला दिला असता, कारण वाट सापडणे हा इथला प्रश्न नाही. एखाद्या घरातील आजी मणिचक्र, म्हणजे मंत्र असलेले प्रार्थनाचक्र, फिरवत काय पुटपुटते आहे, गोम्पाची किल्ली कोणाकडे असते, कोणत्या घरात कालच दुःखाचा प्रसंग घडला आहे, हे केवळ त्या भागातील माणूसच सांगू शकतो.

म्हणून मार्गदर्शक ठरवताना तो रसुवा जिल्ह्यातील आहे का, तामांग भाषा बोलतो का, हे आवर्जून विचारावे. हिंदी बहुतेकांना चांगली समजते, त्यामुळे मराठी माणसाला संवादाची अडचण येत नाही. ओळखीनंतर ‘दाइ’ म्हणजे दादा, ‘दिदी’ म्हणजे ताई, ‘भाइ’ आणि ‘बहिनी’ अशी हाक मारण्याची तिथली पद्धत आहे आणि ती आपल्यालाही सहज जमते. टीहाऊसच्या मालकिणीला ‘दिदी’ म्हटले की जेवणाची खोली आपलीशी होते.

पोर्टर घेतल्यास दोन प्रवाशांमागे एक, असे प्रमाण ठेवावे आणि प्रत्येकाने आपले सामान दहा किलोच्या आतच ठेवावे. संस्थेने पोर्टरचा विमा उतरवला आहे का, त्याच्याकडे गरम कपडे आणि बूट आहेत का, त्याची झोपण्याची सोय काय आहे, हे पैसे भरण्यापूर्वी विचारावे. या प्रश्नांची स्पष्ट उत्तरे न देणाऱ्या संस्थेबरोबर जाऊ नये, मग तिचा दर कितीही कमी असो.

२०१५ च्या भूकंपात लांगटांग गावाचे काय झाले? आज तिथे कसे वागावे?

२५ एप्रिल २०१५ रोजी, शनिवारी, दुपारी बाराच्या सुमारास ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. त्या धक्क्याने लांगटांग लिरुंगच्या बाजूच्या उतारांवरून बर्फ आणि खडक यांचा प्रचंड लोंढा सुटला आणि काही क्षणांत जुने लांगटांग गाव त्याखाली गाडले गेले. त्याबरोबर आलेल्या हवेच्या लोटाने नदीपलीकडच्या उतारावरची झाडेही आडवी केली. गावकरी, प्रवासी, मार्गदर्शक आणि पोर्टर मिळून तीनशेहून अधिक माणसे गेली. गावाचा गोम्पाही नष्ट झाला. कड्याच्या आडोशाला असलेले एक घर तेवढे उभे राहिले.

वाचलेल्यांना हेलिकॉप्टरने काठमांडूला नेण्यात आले आणि स्वयंभू परिसरातील एका गोम्पाच्या आवारात त्यांनी कित्येक महिने तंबूंत काढले. मृतांसाठीचे विधी त्यांनी तिथेच केले. ही माणसे पुन्हा खोऱ्यात परतली, पूर्वीच्या गावापासून थोडे वर नवे लांगटांग गाव उभे राहिले आणि काही काळाने टीहाऊस पुन्हा उघडले. त्यांच्या परतण्यामागे घराची ओढ होती, तशीच वर्षानुवर्षांची उपजीविकाही होती. या दोन्ही गोष्टी तिथल्या माणसांच्या बोलण्यात एकत्रच येतात.

आज लांगटांगला पोचण्यापूर्वीची वाट दगडगोट्यांच्या एका विस्तीर्ण, उजाड पट्ट्यावरून जाते. खाली जुने गाव आहे. पुष्कळांना त्यांचे आप्त शेवटपर्यंत सापडले नाहीत, त्यामुळे तो पट्टा हीच त्यांची समाधी आहे. तिथे बसून खाणे, मोठ्याने गाणी लावणे, हसत छायाचित्रे काढणे टाळावे आणि शांतपणे पुढे जावे. मृतांची नावे कोरलेले स्मारक गावाजवळ आहे. त्याला उजवीकडे ठेवून प्रदक्षिणा घालावी. भूकंपाचा विषय आपण होऊन काढू नये. कोणी स्वतः सांगू लागल्यास मात्र घड्याळाकडे न पाहता पूर्ण ऐकून घ्यावे.

इथला बौद्ध धर्म कोणत्या परंपरेचा आहे? महाराष्ट्रातील बौद्धांना तो ओळखीचा वाटेल का?

रसुवातील तामांग आणि लांगटांगपा समाज प्रामुख्याने वज्रयान म्हणजे तिबेटी धाटणीच्या बौद्ध धर्मातील न्यिंगमा परंपरा पाळतात. गुरू रिनपोछे म्हणजे पद्मसंभव यांना इथे बुद्धांच्या खालोखाल मान आहे आणि लांगटांग हे त्यांनी संकटकाळातील आश्रयासाठी राखून ठेवलेले ‘बेयुल’, म्हणजे गुप्त पवित्र खोरे, असल्याची श्रद्धा आहे. गावातील लामा अनेकदा विवाहित गृहस्थ असतात, शेती करतात आणि विधीच्या वेळी पोथ्या वाचतात. तामांग गावांमध्ये लामांच्या जोडीने बोंबो म्हणजे आजार आणि भूतबाधा यांवर विधी करणारे जाणकारही असतात.

दीक्षाभूमीच्या परंपरेत वाढलेल्या, बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या वाचकाला हे विधी, रक्षक देवता आणि बोंबोंचे ढोल दूरचे वाटू शकतात, आणि त्यात गैर काही नाही. पण दोन गोष्टी त्यांनी अवश्य जाणून घ्याव्यात असे मला मनापासून वाटते. एक म्हणजे १८५४ च्या नेपाळच्या मुलुकी ऐन या कायद्याने तामांगांना ‘मासिन्या मतवाली’, म्हणजे मद्यपान करणारे आणि दास करता येण्याजोगे, अशा गटात टाकले होते आणि राणा राजवट संपेपर्यंत या भागातील तामांगांकडून राज्यासाठी सक्तीची वेठबिगारी घेतली जात होती. ज्या समाजाच्या घरात आपण रात्री जेवतो त्याच्या मागे जातिव्यवस्थेचा हा इतिहास उभा आहे. दुसरी म्हणजे नागपूरच्या १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर महिनाभरातच डॉ. बाबासाहेब आंबेडकर जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला आले होते आणि २० नोव्हेंबर रोजी बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर त्यांनी तिथे भाषण केले होते. पदयात्रेच्या आधी किंवा नंतर काठमांडूत एखादा दिवस असेल, तर स्वयंभू आणि बौद्धनाथ या स्तूपांकडे जाताना हे ध्यानात ठेवून जावे.

बाकी आकार आपल्याला परिचित आहेतच. वाटेवरचा छोर्तेन हा स्तूपच आहे, आणि भाजे-कार्ल्याच्या लेण्यांतील चैत्यगृहात ज्याने स्तूपाला प्रदक्षिणा घातली आहे त्याला इथे वेगळे काही शिकावे लागत नाही.

मणिभिंती, छोर्तेन आणि गोम्पा यांच्या बाबतीत कोणते संकेत पाळावेत?

मणिभिंत म्हणजे ‘ॐ मणि पद्मे हूँ’ हा करुणेचे बोधिसत्त्व अवलोकितेश्वर यांचा मंत्र कोरलेल्या शिळांची वाटेच्या मधोमध रचलेली लांब भिंत. लांगटांग ते क्यांजिन या टप्प्यात अशा भिंती इतक्या लांब आहेत की त्यांच्या कडेने बराच वेळ चालावे लागते. भिंत आणि छोर्तेन नेहमी आपल्या उजव्या हाताला ठेवून जावे, मग ती वाट थोडी लांबची असली तरी चालेल. भिंतीवर बसू नये, पाठपिशवी टेकवू नये आणि कोरलेली एकही शिळा उचलू नये. ओढ्यांवर पाण्याच्या जोराने फिरणारी मणिचक्रे दिसतात. ती थांबवू नयेत.

गोम्पामध्ये पादत्राणे आणि टोपी काढून जावे, विधी चालू असल्यास कडेला बसावे, पाय मूर्तीकडे करू नयेत आणि छायाचित्रासाठी आधी विचारावे. दानपेटीत जमेल तेवढे ठेवावे. घरातील चूलही पवित्र मानली जाते, म्हणून शेगडीत कागद, प्लास्टिक किंवा उष्टे टाकू नये. पाचरंगी पताकांवरून ओलांडून जाऊ नये.

शाकाहारी आणि जैन प्रवाशांना जेवण मिळते का?

शाकाहारी माणसाला ही वाट अगदी सोयीची आहे. डाळ, भात, भाजी आणि लोणचे असलेला ‘डालभात’ सर्वत्र मिळतो आणि तो पुन्हा पुन्हा वाढला जातो. त्याशिवाय थुक्पा (शेवयांचे सूप), मोमो, बटाटे, चपाती, तिबेटी भाकरी, साम्पा (भाजलेल्या सातूचे पीठ) आणि लोणी-मीठ घातलेला चहा असतो. कोदोच्या म्हणजे नाचणीच्या पिठाचा ढिंडो मिळाला तर अवश्य घ्यावा. नाचणीवर वाढलेल्या कोकणातील माणसाला तो लगेच आवडेल. क्यांजिनमध्ये १९५० च्या दशकात स्विस तज्ज्ञांच्या मदतीने सुरू झालेले चीज केंद्र आहे आणि खोऱ्यातील उन्हाळी कुरणांचे दूध तिथे येते. तिथले चीज घरी आणण्यासारखे आहे.

लांगटांग खोऱ्यात प्राण्यांची कत्तल न करण्याची जुनी रीत आहे, त्यामुळे मांस खालून पाठीवर वाहून आणलेले आणि बरेचदा शिळे असते. मांसाहारी प्रवाशांनीही वरच्या टप्प्यात ते टाळलेले बरे. जैन प्रवाशांना कांदा-लसूण वगळून डाळभात मिळू शकतो, पण बटाटा हे इथले मुख्य पीक असल्याने कंदमुळे पूर्ण टाळणे कठीण जाते. अशांनी कोरडे पदार्थ बरोबर ठेवावेत. राक्सी किंवा छांग ही घरगुती दारू प्यायची नसेल तर पेल्यावर हात ठेवून हसून नको म्हणावे, कोणी रागावत नाही.

कोणती कागदपत्रे आणि परवाने लागतात? पैसे कसे न्यावेत?

भारतीय नागरिकांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना वैध पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र लागते. १५ ते ६५ वर्षे वयाच्या प्रवाशांसाठी आधार कार्ड चालत नाही आणि या एका कारणाने विमानतळावरून परत फिरलेले लोक दरवर्षी असतात. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मराठी मंडळींना मात्र, ओसीआय कार्ड असले तरी, नेपाळचा व्हिसा घ्यावा लागतो. तो काठमांडू विमानतळावर मिळतो.

राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशशुल्क सार्क देशांच्या नागरिकांसाठी १,५०० नेपाळी रुपये आणि त्यावर कर असे आहे, इतर परदेशी नागरिकांसाठी ते ३,००० आहे. त्याशिवाय टिम्स नावाचे पदयात्री नोंदणीपत्र संस्थेमार्फत काढले जाते. धुन्चेजवळ परवाने आणि सामान तपासले जाते.

एक भारतीय रुपया म्हणजे १.६० नेपाळी रुपये हा दर ठरलेला आहे. मोठ्या भारतीय नोटांविषयीचे नियम वेळोवेळी बदलत आले आहेत, म्हणून काठमांडूतच नेपाळी रुपये घ्यावेत आणि संपूर्ण पदयात्रेची रोकड तिथूनच न्यावी. खोऱ्यात एटीएम नाही. सुट्या नोटा भरपूर ठेवाव्यात.

कोणत्या महिन्यांत जावे?

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आकाश सर्वांत स्वच्छ असते. मार्च-एप्रिलमध्ये लामा हॉटेल ते घोडातबेला या जंगलात गुरांस म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन फुललेला असतो, मात्र दुपारनंतर ढग येतात. डिसेंबर ते फेब्रुवारीत थंडी कडक असते आणि वरचे काही टीहाऊस बंद असतात. जून ते सप्टेंबर पाऊस, जळवा आणि दरडी यांमुळे जाऊ नये; जुलै २०२५ मध्ये याच जिल्ह्यात भोटेकोशी नदीला आलेल्या पुराने रसुवागढीचा सीमेवरील पूल वाहून नेला होता.

याला एक अपवाद श्रद्धेचा आहे. खोऱ्याच्या दक्षिणेस सुमारे ४,३८० मीटरवर गोसाइंकुंड हे सरोवर आहे आणि श्रावणी पौर्णिमेला, म्हणजे आपल्याकडे नारळी पौर्णिमा असते त्याच दिवशी, तिथे हजारो हिंदू आणि बौद्ध भाविक स्नानाला येतात, तामांग बोंबो ढोल वाजवत चढतात. ती यात्रा पाहायची असल्यास पावसाची आणि गर्दीची पूर्ण तयारी ठेवूनच जावे, आणि धुन्चेहून दोनच दिवसांत इतक्या उंचीवर चढण्याचा मोह टाळावा.

तामांग वारसा मार्ग यालाच जोडता येतो का?

येतो, आणि तीन-चार दिवस हाताशी असल्यास जोडावाच. स्याब्रुबेसीच्या पश्चिमेस आणि उत्तरेस गत्लांग, तातोपानी, नागथली, थुमन आणि ब्रिद्दिम ही गावे जोडणारा हा मार्ग आहे. उंची कमी असल्याने शरीरालाही पुढच्या चढाची सवय होते. गत्लांग हे दगडी घरांचे, लाकडी फळ्यांच्या छपरांचे दाट गाव होते. भूकंपानंतर अनेक छपरांवर पत्रे आले आहेत. तातोपानीचे गरम पाण्याचे झरेही भूकंपानंतर आटले, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबून स्नानाच्या आशेने जाऊ नये. ब्रिद्दिममध्ये मात्र घरगुती निवासाची चांगली व्यवस्था आहे आणि संध्याकाळी डम्फू या डफासारख्या वाद्याच्या तालावर तामांग सेलो ही लोकगीते ऐकायला मिळण्याची शक्यता तिथे अधिक आहे.

मुलांसाठी खाऊ, वह्या किंवा पैसे न्यावेत का?

वाटेत भेटणाऱ्या मुलांना थेट काही देऊ नये. त्यातून मागण्याची सवय लागते आणि ते त्यांच्या आईवडिलांना आवडत नाही. द्यायचेच असल्यास मार्गदर्शकाला विचारून शाळेत किंवा गोम्पाच्या समितीकडे द्यावे.

सामान, वीज आणि फोन यांचे काय?

पायांत रुळलेले घोट्यापर्यंतचे बूट, थरांचे कपडे, पिसांचे जाकीट, पावसाळी जाकीट, कानटोपी, हातमोजे, स्लीपिंग बॅग, गॉगल, विजेरी आणि चालण्याच्या काठ्या एवढे पुरे. जाकीट आणि स्लीपिंग बॅग काठमांडूच्या ठमेल भागात भाड्याने मिळतात. पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्या किंवा गाळणी न्यावी, म्हणजे प्लास्टिकच्या बाटल्या खोऱ्यात मागे राहत नाहीत. फोन आणि बॅटरी चार्ज करण्याचे पैसे वेगळे द्यावे लागतात. नेपाळ टेलिकॉमचे सिम घ्यावे. तरीही काही टप्प्यांत संपर्क नसतो, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे.

विमा खरोखर आवश्यक आहे का?

आवश्यक आहे. भारतातील साधा प्रवास विमा बहुधा ठरावीक उंचीच्या वरची पदयात्रा वगळतो, म्हणून ५,००० मीटरपर्यंतची पदयात्रा आणि हेलिकॉप्टरने केलेली सुटका या दोन्ही गोष्टी त्यात लेखी नमूद आहेत, याची खात्री करावी. विमापत्राचा क्रमांक आणि विमा कंपनीचा चोवीस तास चालणारा दूरध्वनी क्रमांक मार्गदर्शकाकडेही द्यावा. किरकोळ त्रासातही हेलिकॉप्टर बोलावण्याचा आग्रह होऊन विम्याचे खोटे दावे केल्याची प्रकरणे नेपाळमध्ये उघडकीस आली आहेत. म्हणून उतरून बरे वाटणे शक्य असेल तेव्हा आधी उतरावे, आणि जिवाला धोका असेल तेव्हा मात्र खर्चाचा विचार न करता हेलिकॉप्टर मागवावे.